पाहुण्यांचा कोपरा

इटलीत फुटबॉलच्या सामन्याचं तिकीट काढायचं तर नाव आणि जन्मतारीख द्यावी लागते, बऱ्याचदा जन्मगावही. दारावर तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळवून पाहतात. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढलेल्या माणसाला हे जरा अतीच वाटतं. पण तिथे माणूस कुठला आहे हे सरकारला माहीत असावं लागतं. अमुक सामन्याला तमुक प्रांतात राहणाऱ्यांना तिकीट विकायचं नाही, असा हुकूम तिथला प्रीफेक्ट, म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्याच्या तोडीचा अधिकारी, काढू शकतो आणि दर मोसमात असे हुकूम निघतातही.

माझा भाचा मिलानमध्ये नोकरी करतो. तिथे गेल्यापासून तो ए. सी. मिलानचा झाला आहे, आणि नव्याने बाटलेल्याची निष्ठा काही औरच असते. मे २०२४ मध्ये मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याला तिथलं सान सिरो स्टेडियम दाखवायचं होतं. मला जायचं होतं जेनोव्हाला. इटलीतला सर्वांत जुना हयात क्लब तिथला, जेनोआ. शेवटच्या फेरीत २४ मेला, शुक्रवारी रात्री, त्यांचा सामना बोलोन्याशी होता. भाचा म्हणाला, "मामा, येतो मी. पण तिथल्या गल्लीत माझ्या संदर्भात मिलानचं नाव काढू नका." मला वाटलं गंमत करतोय. पण निघताना त्याने लाल-काळ्या पट्ट्यांचा मफलर दाराच्या खुंटीलाच राहू दिला.

त्याचं कारण स्टेडियमच्या बाहेर एका स्मारकावर आहे. तिथे येऊच.

मिलानहून निघालेली गाडी आपेनाइन डोंगर ओलांडते, एकामागून एक बोगदे लागतात आणि शेवटी समुद्र येतो. जेनोव्हाला सपाट जमीन फारशी नाही. डोंगर थेट बंदरात उतरतो, म्हणून घरं एकमेकांच्या डोक्यावर चढलेली, आणि एका वस्तीतून दुसरीत जायला सार्वजनिक लिफ्ट. जुन्या शहरातल्या गल्ल्यांना तिथे कारुज्जी म्हणतात. त्या इतक्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं. पर्यटक गल्ल्या बघतो, श्रीमंत सावकारांचे रोल्ली महाल बघतो आणि कोलंबसाचं म्हणून दाखवतात ते घर बघतो. फुटबॉलचा माणूस मात्र ब्रिन्योले स्टेशनावर उतरून उलट्या दिशेला, बिझान्यो नदीच्या काठाने वर चालू लागतो.

बिझान्योचं बहुतेक वेळा नदी म्हणावं असं काही दिसत नाही. पात्रभर दगडगोटे आणि मधून एक धार. स्टेशनापासून समुद्रापर्यंत तर तिच्यावर स्लॅबच घातला आहे. पण २०११ आणि २०१४ च्या पावसात हिने आणि हिला मिळणाऱ्या ओढ्यांनी माणसं मारली आहेत. काठाकाठाने वीस-पंचवीस मिनिटं चाललं की मारास्सी लागतं. सहा-सात मजली जुन्या इमारती, खाली गॅरेज, हजामाचं दुकान, फोकाच्चाची भट्टी. आणि या सगळ्यात दाटीवाटीने उभं असलेलं स्टेडियम. शेजारीच शहराचा तुरुंग. समोरच्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवरून स्टेडियमचे चार लालसर बुरूज हाताच्या अंतरावर दिसतात. ज्याला गर्दी नको त्याने इथे घर घेऊ नये.

लुईजी फेर्रारिस हे स्टेडियमचं नाव. फेर्रारिस जेनोआचा खेळाडू, पहिल्या महायुद्धात पडला. मैदान १९११ पासूनचं आहे, पण आजची इमारत १९९० च्या विश्वचषकासाठी वित्तोरिओ ग्रेगोत्ती या वास्तुरचनाकाराने जुनी पाडून उभी केली. इटलीतल्या बऱ्याच स्टेडियमांत प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये धावपट्टी असते, खेळाडू मुंग्यांएवढे दिसतात. इथे पहिल्या रांगेतल्या माणसाला बचावपटूच्या शिव्या ऐकू येतात. जाणकार याला इंग्रजी थाटाचं स्टेडियम म्हणतात, आणि या गावात तो थाट उपरा नाही.

कारण हा खेळ इथे आला तोच पाहुण्यांच्या सामानातून. सुएझ कालवा खुला झाल्यावर इंग्लंडहून पूर्वेकडे, म्हणजे मुंबईकडेही, जाणाऱ्या बोटी भूमध्य समुद्रातून जाऊ लागल्या. जेनोव्हाच्या बंदरात इंग्रज व्यापारी, कोळशाचे दलाल आणि बोटींवरचे लोक यांची वस्ती झाली. त्यांनी ७ सप्टेंबर १८९३ रोजी क्लब काढला, तो मुख्यतः क्रिकेट आणि मैदानी खेळांसाठी. इटालियन माणसाला सभासदत्व नव्हतं. मुंबईच्या जिमखान्यांचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. रोव्हर्स कप मुंबईत १८९१ साली सुरू झाला, तोही गोऱ्यांनी गोऱ्यांसाठीच. एकाच समुद्रमार्गावरची ही दोन बंदरं, दोन्हीकडे साधारण एकाच सुमाराला तोच चेंडू उतरला. जेनोआच्या अधिकृत नावात 'क्रिकेट' हा शब्द आजही आहे, आणि त्या क्लबातल्या कुणाला आता क्रिकेटची बॅट उलटी की सुलटी धरायची हे सांगता येईल, असं मला वाटत नाही.

दार उघडलं ते जेम्स रिचर्डसन स्पेन्स्ली नावाच्या डॉक्टरने. बंदरात येणाऱ्या इंग्रज खलाशांवर उपचार करायला तो आला होता. फुटबॉलचा वेडा, स्वतः गोलरक्षक. धर्मांचा अभ्यास करायचा, संस्कृतही शिकला होता असं त्याच्याबद्दल लिहिलेलं आढळतं. त्याच्या आग्रहाने १८९७ मध्ये क्लबात इटालियनांना प्रवेश मिळाला. जानेवारी १८९८ मध्ये तोरिनोहून एक संघ सामना खेळायला आला आणि १–० ने जिंकून गेला. त्याच वर्षी ८ मेला इटलीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा तोरिनोत झाली. सगळी स्पर्धा एका दिवसात उरकली. चार संघ, त्यांतले तीन तोरिनोचे, चौथा परगावचा जेनोआ. परगावचा संघ जिंकला. म्हणजे इटलीचं पहिलं फुटबॉल विजेतेपदच पाहुण्यांनी यजमानांच्या मैदानावर घेतलं. पुढे स्पेन्स्लीने इटलीत बालवीर चळवळ रुजवायलाही हातभार लावला, महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून गेला, जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडला आणि १९१५ मध्ये माइन्त्समध्ये वारला.

१९१२ मध्ये विल्यम गार्बट आला, व्यवसायाने प्रशिक्षक. खेळाडू त्याला 'मिस्टर' म्हणत. आजही इटलीभर, गल्लीतल्या पोरांच्या संघापासून राष्ट्रीय संघापर्यंत, प्रशिक्षकाला 'मिस्टर'च म्हणतात आणि त्याचं मूळ बहुतेक जण गार्बटशी नेऊन जोडतात. शहर जेनोव्हा पण क्लब जेनोआ, हा फरकही इंग्रजांचाच वारसा. मुसोलिनीच्या राज्यात परदेशी नाव चालेना, तेव्हा १९२८ मध्ये क्लबाला इटालियन नाव घ्यायला लावलं; युद्ध संपल्यावर त्यांनी जुनं नाव परत घेतलं.

इंग्रजांचा आणखी एक ऐवज सान लोरेन्झो कॅथेड्रलमध्ये ठेवलेला आहे. ९ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश युद्धनौकांनी समुद्रातून शहरावर मारा केला. एक भलाथोरला गोळा छत फोडून कॅथेड्रलमध्ये घुसला आणि फुटलाच नाही. तो तिथेच उभा करून ठेवला आहे. शेजारून लोक मेणबत्त्या घेऊन जातात. २०१८ मध्ये तर जेनोव्हाच्या महापौरांनी इंग्लंडच्या राणीला पत्र पाठवून संत जॉर्जच्या झेंड्याचं भाडं मागितलं होतं. पांढऱ्यावर लाल क्रूस हा मूळचा जेनोव्हाचा झेंडा, आणि भूमध्य समुद्रात चाच्यांपासून अभय मिळावं म्हणून इंग्रजांनी तो उसना घेतला, अशी या शहराची ठाम समजूत आहे. २४७ वर्षांची थकबाकी आहे म्हणे. मागणी थट्टेतली होती. जेनोव्हाची माणसं पैशाला चिकट, अशी इटलीभर ख्याती आहे, त्यामुळे कुणाला ती अगदीच थट्टा वाटली नसेल.

जेनोआने एकूण ९ विजेतेपदं मिळवली, शेवटचं १९२४ चं. दहा झाली की क्लबाला शर्टावर सोनेरी तारा लावता येतो. तो तारा कसा हुकला हे जेनोआचा प्रत्येक माणूस सांगतो, आणि त्या गोष्टीतला खलनायक म्हणजे बोलोन्या. १९२५ च्या उत्तर विभागाच्या अंतिम फेरीत दोघे भिडले. पहिला सामना जेनोआने बोलोन्यात जिंकला, दुसरा बोलोन्याने जेनोव्हात. तिसरा मिलानमध्ये. जेनोआ २–० ने पुढे असताना बोलोन्याचा एक फटका गोलात गेला की नाही यावरून वाद झाला, बोलोन्याची माणसं मैदानात उतरली, पंचाने आधी कॉर्नर दिला होता तो बदलून गोल दिला. सामना २–२ असा सुटला. चौथा तोरिनोत ५ जुलैला, पुन्हा बरोबरी. त्या संध्याकाळी पोर्ता नुओव्हा स्टेशनात दोन्ही गावांना परतणाऱ्यांच्या गाड्या उभ्या होत्या. बोलोन्याच्या बाजूने पिस्तुलं झाडली गेली, माणसं जखमी झाली. पाचवा सामना ९ ऑगस्टला मिलानमध्ये, सकाळी, बंद दारांआड, प्रेक्षकांविना. बोलोन्या २–० ने जिंकला. बोलोन्याच्या पाठीशी फॅसिस्ट पुढारी लेआंद्रो आर्पिनाती होता हे जेनोआवाले आवर्जून सांगतात.

परगावी सामना बघायला गेलेल्यांमुळे दारं बंद करून खेळावं लागलं, ते असं शंभर वर्षांपूर्वी. सरकारी हुकूम, नावाची तिकिटं वगैरे फार नंतरचं.

तर आमच्या सामन्याला हे दोन क्लब समोरासमोर, दोघेही लाल-निळे. पण त्या रात्री कुणाचं काही अडलेलं नव्हतं. जेनोआ आदल्या वर्षीच दुसऱ्या विभागातून वर आला होता आणि आरामात तरला होता. बोलोन्याला तर लॉटरी लागली होती: १९६४ नंतर प्रथमच युरोपातल्या सर्वोच्च स्पर्धेत स्थान. त्यांचा प्रशिक्षक थिआगो मोत्ता एके काळी जेनोआकडूनच खेळलेला. तो क्लब सोडतोय हे आदल्याच दिवशी जाहीर झालं होतं.

संध्याकाळी आम्ही फारिनाता खाल्लं. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, तांब्याच्या परातीएवढ्या तव्यात घालून लाकडाच्या भट्टीत भाजतात. आपलं बेसनाचं धिरडंच, फक्त यात मिरची नाही आणि हळद नाही. भाच्याने पिशवीतून तिखटाची पुडी काढली. मी दुकानदाराकडे पाहिलं नाही.

स्टेडियमच्या दारात झडती कसून होते. पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून ठेवतात. झाकण असलेली भरली बाटली फेकता येते, उघडी फेकली तर फेकणाराच भिजतो. नाव, पासपोर्ट, फिरता दरवाजा. उत्तरेचा ग्रादिनाता नोर्द हा जेनोआच्या कट्टरांचा स्टँड, दक्षिणेचा साम्पदोरियाच्या लोकांचा. मैदान एकच, क्लब दोन. साम्पदोरिया १९४६ मध्ये दोन क्लब एकत्र येऊन झाला. जेनोआवाले अजून त्यांना कालचे आलेले समजतात. कालच्या या पोरांनी १९९१ मध्ये व्हिआल्ली आणि मान्चिनीच्या जोरावर इटलीचं विजेतेपद घेतलं, पुढच्या वर्षी वेम्ब्लीवर युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाकडून जादा वेळेत हरले. आणि साम्पदोरिया २०११ मध्ये खालच्या विभागात घसरला तेव्हा जेनोआच्या लोकांनी शहरातून त्याची अंत्ययात्रा काढली. कोल्हापुरात शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत राहिलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या जागा बाजूच्या स्टँडमध्ये होत्या. तिथून मैदानाच्या कोपऱ्यातला पाहुण्यांचा भाग सरळ दिसतो. काच, काचेवर जाळी, दोन्ही बाजूंना रिकाम्या ठेवलेल्या खुर्च्या आणि पिवळे अंगरखे घातलेली माणसं. पाहुण्यांना येण्याची वाट वेगळी आणि जाण्याची वेळही वेगळी. मला सामन्यापेक्षा त्या कोपऱ्याचंच जास्त कुतूहल होतं, कारण या शहरात कोण कसं आलं आणि कसं गेलं याचा इतिहास त्या कोपऱ्यात साठलेला आहे.

१९९० च्या जूनमध्ये इथे अशी काच कुणाला आठवत नव्हती. विश्वचषकाचे सामने होते. आधी स्कॉटलंडची माणसं आली, बॅगपाइप आणि घागरे घेऊन, आणि कोस्टा रिकाकडून १–० ने हरली. कोस्टा रिका विश्वचषकात पहिल्यांदाच खेळत होता. पराभव बोचला असणार. मग २५ जूनला आयर्लंड–रुमानिया. हजारो आयरिश लोक, अनेकांनी त्या सहलीसाठी कर्ज काढलेलं. १२० मिनिटांत गोल नाही. पेनल्टीत पॅकी बॉनरने तिमोफ्तेचा फटका अडवला आणि डेव्हिड ओलिअरीने शेवटची पेनल्टी मारली. स्पर्धेत एकही सामना जिंकल्याविना आयर्लंड उपांत्यपूर्व फेरीत गेलं होतं. त्या देशात आजही तो दिवस आणि हे शहर एका दमात आठवतात. आयरिश पाठीराखे इतके का आवडतात याचं मला नेहमी कुतूहल वाटतं. त्यांनी हरण्याची तयारी आधीच करून ठेवलेली असते, हे एक कारण असावं.

आणि मग २९ जानेवारी १९९५. जेनोआ–मिलान. मिलानहून आलेल्या टोळीतले काही जण पोलिसांची नजर चुकवून साध्या गाडीने, क्लबाचे रंग न घालता आले. स्टेडियमजवळ सामन्याआधी मारामारी झाली आणि विन्चेन्झो क्लाउडिओ स्पान्योलो या विशीतल्या जेनोआच्या तरुणाला चाकू लागला. मारणारा जेमतेम अठरा वर्षांचा. स्पान्योलो दवाखान्यात वारला. सामना चालू होता. बातमी स्टँडमध्ये पोचली तेव्हा मध्यंतर होतं. दुसरा अर्धा खेळलाच गेला नाही. बाहेर दगडफेक, जाळपोळ. मिलानच्या लोकांना त्याच कोपऱ्यात रात्री उशिरापर्यंत बसवून ठेवलं आणि मग बसमध्ये घालून बाहेर काढलं. पुढच्या रविवारी इटलीतले सगळे क्रीडासामने बंद राहिले.

त्या बंद रविवारी इटलीभरच्या स्टँडमधले कट्टर गट जेनोव्हात जमले. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं. चाकू बंद, दहा-दहांनी एकाला गाठून मारणं बंद, असा मसुदा त्यांनी काढला. वाचला की दोन गोष्टी एकदम जाणवतात. एक, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. दोन, मारामारी बंद करा असं त्यात कुठेच नव्हतं. हातघाई चालेल, पण समोरासमोर, असा तो करार होता. त्याचा मान किती राखला गेला हे पुढच्या वर्षांनी दाखवलं. २००७ च्या फेब्रुवारीत कातानियात फिलिप्पो राचिती हा पोलीस निरीक्षक दंगलीत मारला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हमरस्त्यावरच्या विश्रांतिथांब्यावर गाब्रिएले सान्द्री हा लात्सिओचा चाहता पोलिसाच्याच गोळीने गेला. तो गाडीत बसलेला होता, परगावी सामन्याला निघाला होता. नावाची तिकिटं २००५ पासून होती. २०१० मध्ये परगावी जाणाऱ्यांसाठी पाठीराख्याचं ओळखपत्र आलं. आणि प्रीफेक्टचे हुकूम रूढ झाले.

स्पान्योलोचं स्मारक स्टेडियमच्या बाहेर आहे. सामन्याला जाणारी माणसं तिथे थांबतात, मफलर बांधून जातात. भाचा थोडा मागे उभा राहिला. तो त्या वर्षी जन्मलाही नव्हता. जेनोआ–मिलान सामन्याला मिलानकरांना बंदी, हे नंतर कितीदा तरी झालं आहे. अशा वेळी लोम्बार्दियात, म्हणजे मिलानच्या प्रांतात, राहणारा माझा भाचा, जन्म सांगलीचा, सरकारच्या लेखी मिलानचा धोकादायक माणूस ठरतो. माणसाच्या पत्त्यावरून त्याची नियत ठरवणं मला पटत नाही. चाकू घेऊन येणारा तर तिकीटही काढत नाही, त्याला काय बंदी घालणार? हे मी त्या स्मारकासमोर मात्र बोललो नाही.

बंदीने काय जातं हे कळायला नापोलीची गोष्ट पुरे. १६ मे १९८२, मोसमाचा शेवटचा दिवस. जेनोआ नापोलीच्या मैदानावर, हरले तर खालच्या विभागात. २–१ ने मागे. खेळ संपायला पाच मिनिटं असताना फाक्चेन्दाने बरोबरी केली, जेनोआ तरला, आणि खाली गेला तो मिलान! नापोलीच्या प्रेक्षकांनी पाहुण्यांबरोबर जल्लोष केला. तेव्हापासून दोन गावांची मैत्री जमली. दक्षिणेहून आलेल्या नापोलीकरांना उत्तरेतल्या बहुतेक स्टेडियमांत व्हेसुव्हिअस तुम्हाला गिळो, कॉलरावाले, अंघोळ करा, अशा आरोळ्या ऐकाव्या लागतात. जेनोव्हात मात्र त्यांना गळामिठी मिळत असे, मफलरांची अदलाबदल होत असे. २००७ च्या जूनमध्ये इथेच दोघांचा सामना ०–० सुटला आणि त्या एका गुणाने दोन्ही क्लब एकदमच अव्वल विभागात परतले. त्या दिवशी या स्टेडियममध्ये पाहुणा कोण हे ओळखू आलं नसतं. ३७ वर्षं टिकलेली ही मैत्री २०१९ मध्ये जेनोआच्या गटांनी जाहीरपणे मोडली. स्टँडमधल्या माणसांचे रुसवे-फुगवे भाऊबंदकीसारखेच असतात, बाहेरच्याने त्यात शहाणपण शिकवू नये. पण ती मैत्री कुठल्या सरकारी योजनेने झाली नव्हती. परगावी गेलेल्या माणसांनी एका दुपारी ती केली होती. ज्या सामन्यांना पाहुणेच नसतात, तिथे वैर टिकतं आणि दोस्तीची शक्यता तेवढी जाते.

अर्थात दुसरी बाजू याच कोपऱ्याने १२ ऑक्टोबर २०१० ला दाखवली. इटली–सर्बिया. सर्बियाच्या टोळीने दिवसा शहरात नासधूस केली, मग स्वतःच्याच गोलरक्षकावर, व्लादिमीर स्टॉयकोविचवर, बसमध्ये घुसून हल्ला केला. त्याचा गुन्हा एवढाच की एके काळी रेड स्टारचा असलेला हा माणूस हाडवैरी पार्टिझानकडे गेला. रात्री या कोपऱ्यातून पेटती नळकांडी मैदानात पडू लागली. काळा बुरखा घातलेला एक धिप्पाड इसम कुंपणावर चढून बसला आणि कात्रीने जाळी कापू लागला; जगभरच्या टीव्हीवर तो दिसत होता. पंचाने सहा-सात मिनिटांत खेळ थांबवला, सामना रद्द झाला. तो इसम नंतर पोलिसांना बसच्या सामानाच्या कप्प्यात सापडला. बुरखा काढून ठेवला होता, पण दंडावरचं गोंदण कुठे काढून ठेवणार?

आणि पाहुणेच वाईट असतात असं नाही, हे जेनोआवाल्यांनी स्वतः २०१२ च्या एप्रिलमध्ये सिद्ध केलं. सिएनाविरुद्ध ०–४ अशी अवस्था झाली तेव्हा नोर्दमधली मंडळी खेळाडूंच्या बोगद्यावर येऊन बसली: तुम्ही या शर्टाच्या लायकीचे नाही, काढा. कर्णधार मार्को रोस्सी सहकाऱ्यांचे शर्ट गोळा करत फिरला, काहींच्या डोळ्यांत पाणी. एकट्या ज्युझेप्पे स्कुल्लीने शर्ट काढायला नकार दिला आणि कठड्यावरच्या म्होरक्याचं डोकं धरून त्याच्याशी बोलत राहिला. पाऊण तासाने खेळ सुरू झाला. घरच्यांनी केलेला हा अपमान. पाहुण्यांपैकी कुणी या संघाचा असा पाणउतारा केलेला नाही.

आमचा सामना जेनोआने २–० ने जिंकला. पहिल्या अर्ध्यात मालिनोव्स्की, दुसऱ्या अर्ध्यात व्हितिन्या. कुणाचं काही अडलेलं नसलं तरी नोर्द नव्वद मिनिटं गात होता. गाणं खेळाकडे बघून चालतच नाही, त्याचं स्वतःचं वेळापत्रक असतं. मध्येच १९२५ ची आठवण निघाली असावी, कारण आमच्या पुढच्या रांगेतले एक आजोबा उठून कोपऱ्याकडे बोट दाखवत नातवाला काही तरी तपशिलाने सांगत होते आणि नातू मान डोलावत फोनवर बघत होता. भाच्याने माझ्या कानात विचारलं, "मामा, तुम्ही नक्की कुणाचे?" मी म्हणालो, पाटाकडीलचा, म्हणजे कोल्हापूरच्या पाटाकडील तालमीचा. हे खरं होतं. दोन्हीकडच्या गोलाला टाळ्या वाजवायची मोकळीक ज्याला असते त्याला सामना नीट दिसतो, पण त्या रात्री स्टेडियममध्ये सगळ्यांत कमी काही पणाला लागलेला माणूस मीच होतो, आणि तेही जाणवत होतं.

शिट्टी झाल्यावर आम्ही नदीकाठाने ब्रिन्योलेकडे निघालो. पोलिसांच्या निळ्या गाड्या रांगेत उभ्या होत्या, पाहुण्यांच्या बस सुटायच्या होत्या. एका दारूच्या अड्ड्याबाहेर गर्दी होती, तिथे आम्ही उभ्यानेच बिअर घेतली. भाच्याची इटालियन चांगली आहे, पण बोलण्यात मिलानची ढब. मालकाने ती लगेच ओळखली. तो भाच्याकडे बघून हसला, त्याने कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात 'मिलान?' असं विचारलं आणि पैसे घेताना दोन युरो कमी घेतले. का, ते मला अजून कळलेलं नाही. भाच्याशी त्याने फोन नंबरांची देवाणघेवाण केली.

पुढे ऑक्टोबरमध्ये बोलोन्याच्या नशिबी परगावचा मोठा दौरा आला: अॅनफिल्ड, लिव्हरपूल. २–० ने हरले. अॅनफिल्डवर जिंकलेला पहिला इटालियन संघ जेनोआ. मार्च १९९२ मध्ये आग्विलेराच्या दोन गोलांवर त्यांनी लिव्हरपूलला त्यांच्याच घरात २–१ ने हरवलं, आणि ते बघायला बंदरातून, गल्ल्यांतून हजारो माणसं इंग्लंडला गेली होती. बोलोन्या हरल्याच्या रात्री अड्डामालकाचा भाच्याला निरोप आला. त्यात एकही शब्द नव्हता. नुसता आकडा होता, १९९२, आणि त्यापुढे झेंड्याचं चित्र. पांढऱ्यावर लाल क्रूस. भाच्याने तो मला पुढे पाठवला आणि खाली विचारलं, मामा, हा इंग्लंडचा झेंडा का पाठवतोय?